विश्लेषण : दोघेही अंतर्मुख, मग फरक कोणता? कार्ल युंग यांच्या आयुष्यातून उलगडणारे उत्तर

मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांची प्रश्नावली सोडवायची आणि शेवटी ‘आयएसटीजे’, ‘आयएनएफजे’ असा चार अक्षरी निकाल मिळवायचा, हा प्रकार आता महाविद्यालयाच्या कट्ट्यापासून कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागापर्यंत सर्वत्र पोहोचला आहे. करिअर समुपदेशनात त्याचा आधार घेतला जातो, समाजमाध्यमांवर स्वतःची ओळख करून देतानाही ही अक्षरे लिहिली जातात. यातील पहिल्या ‘आय’चा अर्थ अंतर्मुख, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्या अक्षरापाशी मात्र गोंधळ सुरू होतो. तिथे ‘एस’ आला तर माणूस जुन्या आठवणींत रमणारा आणि चाकोरीतून चालणारा, ‘एन’ आला तर पुढचे ओळखणारा, अशी ढोबळ समजूत रूढ झाली आहे. ‘अंतर्मुख संवेदन’ आणि ‘अंतर्मुख अंतःप्रज्ञा’ या दोन संकल्पना ज्यांनी मांडल्या, त्या स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांना अभिप्रेत असलेला फरक याहून बराच वेगळा होता. तो समजून घ्यायचा तर त्यांचे आयुष्य पाहणे उपयोगी ठरते. या दोन वृत्ती त्यांच्या स्वतःच्या संसारात ५२ वर्षे एका छपराखाली नांदल्या.

युंग यांची जडणघडण कशी झाली?

स्वित्झर्लंडच्या ईशान्येला, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावरील केसविल या खेड्यात २६ जुलै १८७५ रोजी युंग यांचा जन्म झाला. वडील पॉल प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री. श्रद्धा डळमळीत झालेली, पण ते बोलून दाखवण्याची सोय नाही, अशा कोंडीत त्यांचे आयुष्य गेले. आई एमिली दिवसा चारचौघींसारखी गृहिणी. रात्री मात्र ती वेगळीच कुणी होते, असे लहानग्या कार्लला वाटे. धाकटी बहीण जन्मली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तोवर खेळायचे ते एकट्यानेच.

घराजवळच्या उतारावर एक मोठा दगड होता. दगडावर बसलेला तो मी, की ज्यावर कुणी बसले आहे तो दगडच मी, या विचारात कार्ल तासन्‌तास गढून जाई. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने पट्टीच्या टोकाचे लाकूड कोरून एक छोटा माणूस बनवला. पेन्सिलीच्या डबीत त्याला अंथरूण केले, ऱ्हाईन नदीतला एक लांबट गोटा रंगवून शेजारी ठेवला आणि डबी पोटमाळ्यावर लपवली. मन अस्वस्थ झाले की त्या डबीची नुसती आठवण त्याला शांत करी. एकीकडे दगडाचा, लाकडाचा खराखुरा स्पर्श आणि दुसरीकडे त्यातून मनात उमटणारी गूढ प्रतिमा, अशा दोन गोष्टी या आठवणींत शेजारी शेजारी आहेत. पुढे युंग यांनी ज्यांना वेगवेगळी नावे दिली, त्या याच.

बाझेल विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण घेऊन १९०० च्या अखेरीस ते झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली रुजू झाले. तिथे त्यांनी शब्दसाहचर्याची चाचणी विकसित केली. डॉक्टरने एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने सुचेल तो पहिला शब्द सांगायचा आणि मध्ये किती वेळ गेला हे स्टॉपवॉच लावून मोजायचे. माणूस जिथे अडखळतो तिथे त्याच्या मनात काही तरी ठसठसते आहे, असे त्यामागचे तत्त्व. आज आपण सहज वापरतो तो ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे गंड हा शब्द या संशोधनामुळे सर्वतोमुखी झाला. गूढाकडे ओढ असलेल्या युंग यांची ही मोजूनमापून काम करणारी बाजू अनेकदा विसरली जाते.

व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची कल्पना कशी सुचली?

त्यामागे एक तुटलेली मैत्री होती. मार्च १९०७ मध्ये युंग व्हिएन्नाला जाऊन सिग्मंड फ्रॉइड यांना भेटले. पहिल्याच भेटीत दोघे सुमारे १३ तास बोलत होते. फ्रॉइड त्यांच्याकडे वारसदार म्हणून पाहू लागले. पण मनाची सारी ऊर्जा लैंगिक प्रेरणेतून येते हे मत युंग यांना पटेना. १९१२ पर्यंत मतभेद उघड झाले आणि १९१३ मध्ये संबंध संपले. दरम्यान आल्फ्रेड अ‍ॅडलरही फ्रॉइड यांच्यापासून दूर झाले होते. मनोविकाराच्या मुळाशी फ्रॉइड यांना इच्छा आणि तिचा विषय दिसे. अ‍ॅडलर यांना त्या व्यक्तीची न्यूनत्वावर मात करण्याची धडपड दिसे. दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक, तरी एकाच आजाराचे निदान इतके वेगळे का, हा प्रश्न युंग यांना पडला. पाहणाऱ्याच्या मनाची ठेवणच वेगळी असली पाहिजे, या उत्तरापर्यंत ते आले.

सप्टेंबर १९१३ मध्ये म्युनिकच्या परिषदेत त्यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोनच प्रकार मांडले होते. अंतर्मुख म्हणजे विचार करणारा आणि बहिर्मुख म्हणजे भावनेने चालणारा, असे समीकरण तेव्हा त्यांच्या मनात होते. ते पुढे त्यांनीच मोडले. १९१५-१६ मध्ये हान्स श्मिड-गिसान या बहिर्मुख मित्राशी त्यांचा या विषयावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. अंतःप्रज्ञा हे मनाचे स्वतंत्र कार्य आहे, याकडे लक्ष वेधले मारिया मोल्ट्झर या डच सहकारी महिलेने; युंग यांनी तिचे श्रेय पुस्तकात नोंदवले आहे. १९२१ मध्ये ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मोठ्या भागात धर्म, काव्य आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास आहे. उपनिषदांतील ब्रह्म आणि द्वंद्व या कल्पनांवरही त्यात विवेचन आहे. आज गाजतात ती आठ प्रकारांची वर्णने दहाव्या प्रकरणात येतात.

‘अंतर्मुख’ याचा नेमका अर्थ काय?

रोजच्या बोलण्यात अंतर्मुख म्हणजे लाजाळू किंवा कमी बोलणारा. युंग यांचा अर्थ निराळा होता. माणसाची मानसिक ऊर्जा बाहेरच्या वस्तूकडे वाहते की त्या वस्तूने आपल्यात जे जागे केले त्याकडे, हा त्यांचा निकष होता. बहिर्मुखासाठी वस्तू निर्णायक, अंतर्मुखासाठी स्वतःच्या मनातला प्रतिसाद निर्णायक.

या दोन दिशांना त्यांनी मनाच्या चार कार्यांची जोड दिली : विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा. पहिली दोन निवाडा करतात. हे बरोबर की चूक हे विचार ठरवतो, हे मोलाचे की नाही हे भावना ठरवते. उरलेली दोन निवाडा करत नाहीत, फक्त ग्रहण करतात. काहीतरी आहे, हे संवेदन सांगते. ते कुठून आले आणि कुठे निघाले आहे, याची चाहूल अंतःप्रज्ञेला लागते. दोन दिशा गुणिले चार कार्ये, असे आठ प्रकार होतात. अंतर्मुख संवेदन आणि अंतर्मुख अंतःप्रज्ञा हे त्यातले दोन. दोन्ही आत वळलेले आणि दोन्ही निवाडा न करता ग्रहण करणारे, म्हणूनच त्यांच्यात गल्लत होते.

दोहोंतील फरक युंग यांनी कसा दाखवला?

त्यासाठी त्यांनी एक साधे उदाहरण घेतले. एका माणसाला मानसिक कारणामुळे चक्कर येते. अंतर्मुख संवेदन त्या चक्करेपाशीच थांबते. ती कशी सुरू झाली, तिचा जोर किती, शरीरात नेमके काय जाणवले, ती कशी ओसरली, हे सारे ते बारकाईने टिपते. त्या अनुभवाच्या पलीकडे जाण्याची त्याला गरज वाटत नाही. अंतर्मुख अंतःप्रज्ञेला मात्र चक्कर हे केवळ निमित्त पुरते. ती लगेच पडद्यामागे डोकावते आणि तिला एक प्रतिमा दिसते : हृदयात बाण रुतलेला, झोकांड्या खाणारा माणूस. ती त्या प्रतिमेत गुंतते, तिचा मागोवा घेते, तिच्यातून दुसऱ्या प्रतिमेकडे जाते. चक्करेचे तपशील तोवर विसरलेलेही असतात.

म्हणजे अनुभव एकच, पण एकाचे लक्ष अनुभवाच्या पोतावर, दुसऱ्याचे त्यातून उमटलेल्या चित्रावर. भूतकाळ विरुद्ध भविष्यकाळ अशी ही विभागणी नाही. उलट अंतर्मुख संवेदनाविषयी लिहिताना युंग यांनी असे सुचवले आहे की या वृत्तीला वस्तूच्या आजच्या रूपासोबत तिचे घडणे आणि विरून जाणेही जाणवते. जुन्या आठवणींत रमणे हा त्याचा एक परिणाम असू शकतो, व्याख्या नव्हे.

आणखी एक गैरसमज म्हणजे संवेदन असलेला माणूस वस्तुनिष्ठ असतो, हा. बहिर्मुख संवेदनाला ते लागू पडेल. अंतर्मुख संवेदनाबद्दल युंग यांनी चित्रकारांचा दाखला दिला. अनेक चित्रकार एकच निसर्गदृश्य अगदी प्रामाणिकपणे जसेच्या तसे रंगवायला बसले, तरी प्रत्येकाचे चित्र वेगळे होते. तो वेगळेपणा केवळ कौशल्याचा नसतो. प्रत्येकाच्या आत उमटलेला ठसाच वेगळा असतो. अंतर्मुख संवेदनात या ठशाला वस्तूपेक्षा अधिक वजन असते. त्यामुळे अशा माणसाला कोणती गोष्ट भिडेल याचा बाहेरून अंदाज बांधता येत नाही. मोठा समारंभ त्याला कोरडा ठेवून जातो आणि कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीवर पडलेले ऊन मनात घर करते.

घरगुती उदाहरण द्यायचे तर, दोन अबोल भावंडे बऱ्याच वर्षांनी आजोळी जातात. एकाला ओसरीच्या फरशीचा गारवा, देवघरातला उदबत्तीचा वास, बदललेल्या दाराचा वेगळा आवाज जाणवतो. पूर्वीच्या ठशाशी तो हे सगळे नकळत ताडून पाहतो. दुसरी उंबरठ्यावर उभी राहते आणि तिला पाणी आटलेल्या विहिरीचे चित्र दिसते. या घरातले माणसांचे येणे-जाणे संपत आले आहे, असे तिला वाटून जाते. का, ते सांगता येत नाही. दार बदलल्याचे तिच्या गावीही नसते. रात्री जेवताना दोघेही गप्प असतात आणि घरच्यांना दोघांचा स्वभाव अगदी सारखा वाटतो.

एमा युंग यांचा याच्याशी काय संबंध?

१४ फेब्रुवारी १९०३ रोजी युंग यांनी एमा राउशेनबाख यांच्याशी विवाह केला. एमा शाफहाउझेनच्या घड्याळ उद्योजक घराण्यातील. पाच मुलांचा संसार सांभाळत त्या स्वतःही मनोविश्लेषक झाल्या. १९१६ मध्ये झुरिचमध्ये सायकॉलॉजिकल क्लब स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या. या क्लबमधील एका निबंधात त्यांनी अंतर्मुख संवेदनाचे वर्णन केले होते, अशी नोंद युंग यांच्या सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ यांनी करून ठेवली आहे. स्वतःला याच प्रकारात धरणाऱ्या एमा यांनी त्यासाठी अतिसंवेदनशील छायाचित्र-काचेची उपमा वापरली होती. जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेली ही काच तिच्यावर पडणारा प्रत्येक किरण टिपून घेते. कुणी खोलीत शिरले तर त्याची चाल, चेहऱ्यावरचा भाव, केस, कपडे, सारे आत उमटते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ही व्यक्ती नुसती बसून राहिली आहे, असेच दिसते. प्रतिक्रिया येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, म्हणून अशी माणसे मंद समजली जातात.

फ्रॉइड आणि युंग यांच्यातील दुरावा वाढत असताना, १९११ मध्ये, एमा यांनी पतीला न कळवता फ्रॉइड यांना पत्रे लिहिली होती. काहीतरी बिनसले आहे हे त्यांनी ओळखले होते आणि ते सांधण्याचा प्रयत्न केला होता. तो यशस्वी झाला नाही. पुढे टोनी वोल्फ या सहकारी महिलेशी युंग यांचे दीर्घकाळ जवळिकीचे संबंध राहिले. एमा यांना त्याचा त्रास झाला, तरी संसार टिकला. दोन स्वभाव एकमेकांना पूरक ठरतात, असे सांगणाऱ्या आजच्या ‘जोडी जुळवणाऱ्या’ तक्त्यांत संसाराची ही बाजू येत नाही.

युंग यांची अंतःप्रज्ञा कुठे दिसते?

ऑक्टोबर १९१३ मध्ये युंग रेल्वेने शाफहाउझेनकडे, म्हणजे एमा यांच्या माहेरगावी निघाले होते. वाटेत जागेपणी त्यांना दिसले की उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंतची भूमी पुराखाली गेली आहे, पाण्यात प्रेते तरंगत आहेत आणि मग ते पाणी रक्ताचे झाले आहे. हे सुमारे तासभर चालले आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा घडले. आपले मानसिक संतुलन ढळते आहे, अशी भीती त्यांना वाटली. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की दिसले ते केवळ खासगी नव्हते.

याला भविष्यवाणी म्हणण्याचा मोह टाळायला हवा. युरोपात तणाव आधीच वाढला होता आणि तो अनेकांना जाणवत होता. युंग यांच्या मनाने तो अंदाज, आकडे किंवा युक्तिवादाच्या रूपात न घेता प्रतिमेच्या रूपात घेतला, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. अंतर्मुख अंतःप्रज्ञेचे काम असे चालते. प्रतिमा खरी ठरेलच याची हमी ती देत नाही. या वृत्तीचा धोकाही युंग यांनी नोंदवला : माणूस एका प्रतिमेवरून दुसरीकडे जात राहतो आणि याचा माझ्या जगण्याशी काय संबंध, हे विचारायचे राहून जाते. तो प्रश्न विचारला तर त्यातून कलावंत किंवा द्रष्टा घडू शकतो, नाही विचारला तर नुसता स्वप्नाळू विक्षिप्तपणा उरतो. अशा माणसाची दुबळी बाजू असते बाहेरचे संवेदन. स्वतःचे शरीर, भूक, थकवा, भोवतालच्या वस्तू यांकडे त्याचे लक्ष नसते आणि कधी तरी याच गोष्टी त्याला अचानक पछाडतात. अंतर्मुख संवेदनाच्या माणसाचे उलटे होते. त्याची अंतःप्रज्ञा दुबळी, म्हणून अडचणीच्या काळात त्याला प्रत्येक गोष्टीमागे काही तरी अशुभ दडल्याचा संशय येऊ लागतो.

मग युंग यांनी दुबळ्या बाजूचे काय केले?

त्या अस्वस्थ काळात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते क्युसनाख्ट येथील घरामागच्या तळ्याकाठी बसून गोटे गोळा करून छोटी घरे, चर्च, आख्खे गाव रचू लागले. लहानपणीचा हा खेळ जेवणानंतर रुग्ण येईपर्यंत रोज चाले. मनात येणाऱ्या प्रतिमांची नोंद त्यांनी वह्यांत केली आणि नंतर ती सुलेखन व रंगचित्रांसह एका लाल बाडात वर्षानुवर्षे उतरवून काढली. हे ‘रेड बुक’ त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने, २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२३ मध्ये त्यांनी झुरिच सरोवराच्या वरच्या टोकाला बोलिंगेन येथे दगडी मनोरा बांधायला घेतला. गवंड्यांकडून दगड घडवायला शिकले. तिथे वीज घेतली नाही. पाणी पंपाने उपसणे, लाकडे फोडणे, चूल पेटवून रांधणे, ही कामे ते स्वतः करत. प्रतिमांच्या मागे धावणाऱ्या या माणसाने हाताला लागणाऱ्या जड वस्तूंचा आधार असा मुद्दाम शोधला.

युंग स्वतः कोणत्या प्रकारात मोडत?

याचे उत्तर त्यांनी स्वतःच दोनदा वेगवेगळे दिले. १९२५ च्या झुरिचमधील व्याख्यानसत्रात त्यांनी सांगितले की वैज्ञानिक म्हणून त्यांच्यात विचार आणि संवेदन वरचढ होते, तर भावना आणि अंतःप्रज्ञा नेणिवेत दबल्या होत्या. १९५९ मध्ये बीबीसीसाठी जॉन फ्रीमन यांनी घेतलेल्या मुलाखतीत मात्र त्यांनी विचारासोबत अंतःप्रज्ञेला स्थान दिले आणि वास्तवाशी आपले नाते फारसे चांगले नव्हते, असे कबूल केले. स्टॉपवॉच हाती घेतलेला तरुण डॉक्टर आणि प्रतिमांच्या जगातून फिरून आलेला वृद्ध, दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत होते. सिद्धान्ताच्या जनकाला स्वतःची अक्षरे एकदाच कायमची ठरवता आली नाहीत, हे आज दहा मिनिटांत निकाल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

भारतभेटीत काय घडले?

भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी सरकारच्या निमंत्रणावरून युंग डिसेंबर १९३७ मध्ये मुंबईत उतरले. सांचीच्या स्तूपाने ते भारावून गेले. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांशाने आजारी पडून त्यांना रुग्णालयात राहावे लागले. भोवती भारताचे रंग, वास आणि गर्दी असताना त्यांना स्वप्न पडले ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या एका बेटाचे. तिथे पोहत जाऊन ग्रेल हे ख्रिस्ती आख्यायिकेतील पवित्र पात्र आणायचे होते. परतीच्या वाटेवर बोट मुंबईला लागली तेव्हा ते खाली उतरलेही नाहीत. सोबत आणलेल्या किमयाशास्त्राच्या लॅटिन ग्रंथात ते बुडून गेले होते.

ग्रेलची ही आख्यायिका एमा यांच्या अभ्यासाचा विषय होती. सुमारे ३० वर्षे त्या मूळ साधने वाचत, टिपणे काढत राहिल्या. पत्नीच्या क्षेत्रात शिरायचे नाही म्हणून युंग यांनी त्यावर लिहिण्याचे टाळले. २७ नोव्हेंबर १९५५ रोजी एमा गेल्या, तेव्हा ग्रंथ अपुरा होता. तो फॉन फ्रान्झ यांनी पूर्ण केला आणि १९६० मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकाच विषयाकडे पतीला स्वप्नाने नेले आणि पत्नी तिथे संथ, चिकाटीच्या अभ्यासाने पोहोचली. एमा यांच्या मृत्यूनंतर युंग यांनी बोलिंगेनच्या मनोऱ्यावर आणखी एक मजला चढवला. ६ जून १९६१ रोजी क्युसनाख्ट येथे त्यांचे निधन झाले.

चार अक्षरे आली कुठून?

ती युंग यांची नव्हेत. १९२३ मध्ये त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आला आणि तो अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज यांच्या वाचनात आला. योगायोगाने त्यांचाही जन्म १८७५ चाच. त्या आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात अनेक स्त्रिया प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला जाऊ लागल्या. कोणाला कोणते काम मानवेल हे समजावे म्हणून इझाबेल यांनी प्रश्नावली तयार केली. १९६२ मध्ये ती ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’ म्हणजे एमबीटीआय म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात ‘जे’ आणि ‘पी’ या शेवटच्या अक्षराची भर पडली आणि आठांचे सोळा प्रकार झाले. या पद्धतीत आयएसटीजे व आयएसएफजे यांच्यात अंतर्मुख संवेदन प्रमुख मानले जाते, तर आयएनटीजे व आयएनएफजे यांच्यात अंतर्मुख अंतःप्रज्ञा.

प्रश्नावली सोपी करताना बरेच काही गळाले. आतला ठसा आणि आतली प्रतिमा यांतील फरक हो-नाहीच्या प्रश्नांत पकडणे अवघड; त्यामुळे तपशील आवडतात की कल्पना, असा सोपा पर्याय पुढे आला. संशोधकांचे आक्षेपही गंभीर आहेत. बहुतेक माणसांचे गुण दोन टोकांना न जाता मधल्या भागात येतात, तरी चाचणी त्यांना एका बाजूला ढकलते. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अनेकांचे निदान एक अक्षर तरी बदलते. आज विद्यापीठीय संशोधनात पाच गुणांचे ‘बिग फाइव्ह’ प्रारूप अधिक वापरले जाते. त्यात बहिर्मुखता टिकून आहे, संवेदन आणि अंतःप्रज्ञा या स्वरूपात नाहीत.

हे शिक्के कितपत मानावेत?

युंग यांनी स्वतः याबाबत सावध केले होते. १९३४ मध्ये अर्जेंटिनातील स्पॅनिश आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी तक्रार केली की वाचक दहाव्या प्रकरणालाच पुस्तकाचे सार समजतात. माणसे पाहताक्षणी खणांत घालणे हा त्यांच्या लेखी दिवाणखान्यातला पोरखेळ होता. त्याच वर्षी त्यांनी ज्यू आणि ‘आर्य’ मनांत भेद असल्याचे लिहिले. शेजारच्या जर्मनीत नाझी सत्तेवर असताना केलेल्या या विधानासाठी त्यांच्यावर कठोर टीका झाली, आजही होते. खणांचा धोका ओळखणारा माणूसही त्यात अडकू शकतो, हे त्यांच्याच आयुष्यातून दिसते.

या दोन संकल्पनांचा उपयोग मग कुठे? वर्गात उशिरा उत्तर देणारी मुलगी मंद असेलच असे नाही. ती आत उमटलेला ठसा अजून न्याहाळत असू शकते. कारण न देता ‘हे जमणार नाही’ म्हणणारा सहकारी आडमुठा असेलच असे नाही. त्याला दिसलेल्या चित्रासाठी त्याला अजून शब्द सापडलेले नसतील. पहिलीला वेळ द्यावा लागतो, दुसऱ्याला तपशील तपासून पाहायला लावावे लागते. एवढी समज देण्यापुरत्या या संकल्पना कामाच्या आहेत. नोकरी कोणाला द्यायची किंवा कोणत्या शाखेला प्रवेश घ्यायचा, हे त्यावरून ठरवू नये. नोकरभरतीत उमेदवार निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे एमबीटीआयची प्रकाशक कंपनीच सांगते.